गुण्या-कंपास दिसला म्हणजे फ्रीमेसनच, असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिश्र लॉटमध्ये चार वस्तू हाती लागल्या. पहिली तांब्याची चकती, एका बाजूला कमानीचा मधला दगड आणि त्याभोवती गोलात आठ इंग्रजी अक्षरं, दुसऱ्या बाजूला ‘वन पेनी’. दुसरी झालर लावलेली रेशमी फीत, वर तीन कड्यांची साखळी. उलटी केली की पूर्ण काळी. तिसरा छोटा बिल्ला, त्यावर गुण्या, कंपास आणि मध्ये हातोडा धरलेला हात. चौथं चांदीचं पदक, त्यावर बफेलोचं डोकं, मागे कुणाचं तरी नाव. हे सगळं फ्रीमेसनांचं का, चिन्हांचा अर्थ काय, घासून चकचकीत करावं का आणि यातून संग्रह कसा उभा राहील, असं तुम्ही विचारलंय.

फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची हत्यारं चिन्हं म्हणून वापरणारी जुनी बंधुसंस्था. चारांपैकी मेसनांच्या घरातली एकच, ती तांब्याची चकती. फीत ऑड फेलोजची, बिल्ला अमेरिकन मेकॅनिक्सच्या संस्थेचा आणि चांदीचं पदक बफेलोजचं. चार संस्था, चार निराळे संसार. विकणाऱ्याने सगळ्यांवर ‘मेसॉनिक’ अशी चिठ्ठी लावली होती म्हणता, त्याचं नवल नाही. तो शब्द लावला की वस्तू लवकर खपते.

मीही यात फसलो आहे. गुण्या-कंपास असलेलं एक पितळी पदक मी कित्येक वर्षं मेसनांच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. दोन्ही हत्यारांच्या मध्ये एक वाकडी सुरी होती, तिच्याकडे मी नक्षी म्हणून पाहत होतो. एका जाणत्या संग्राहकाने ते हातात घेऊन एवढंच विचारलं, “गवंड्याला सुरी कशाला हो?” ती बागकामाची छाटणीची सुरी होती आणि पदक होतं स्कॉटलंडच्या फ्री गार्डनर्सचं. त्यांच्या हॅडिंग्टन इथल्या शाखेची नोंद १६७६ पासूनची आहे, म्हणजे मेसनांच्या शाखांवरची (शाखेला लॉज म्हणतात) लंडनची पहिली ग्रँड लॉज, तिच्या स्थापनेची जी तारीख सांगतात, २४ जून १७१७, तिच्याही आधीची. तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. संस्था कुठली ते आधी ठरवायचं, चिन्हाचा अर्थ नंतर लावायचा. उलटं केलं की हमखास चूक होते, कारण ही चिन्हं सगळ्यांची सामायिक मिळकत होती. डोळा, कवटी, वाळूचं घड्याळ, मधमाश्यांचं पोळं हे मेसनांकडे आहेत आणि ऑड फेलोजकडेही. त्यावरून काहीच ठरत नाही. तळहातावर हृदय दिसलं तर मात्र ऑड फेलोज समजायला हरकत नाही. हरिण आणि फुंकायचं शिंग असेल तर फॉरेस्टर्स (१८३४). कुऱ्हाड, पाचर आणि मोगरी एकत्र असतील तर वुडमेन. सांबरासारखं शिंगाळ डोकं आणि मागे अकरा वाजलेलं घड्याळ असेल तर अमेरिकेतले एल्क्स (१८६८). रात्री अकराला ते गैरहजर आणि दिवंगत बांधवांची आठवण काढतात, त्याचं ते घड्याळ.

इतक्या संस्था आणि इतके बिल्ले आले कुठून, हे कळल्याशिवाय चिन्हं कोरडी वाटतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ब्रिटन आणि अमेरिकेतला कामगार आजारी पडला की मजुरी बंद, मेला की पुरायला पैसे नाहीत. मग दर महिन्याला ठरावीक वर्गणी एका पेटीत टाकायची आणि त्यातून आजारपणाचा भत्ता, अंत्यसंस्काराचा खर्च, विधवेला मदत, अशी मंडळं काढली गेली. पेटीला तीन वेगवेगळ्या किल्ल्या, तीन माणसांकडे. वर्षातून एकदा मिरवणूक, तेव्हा प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, आणि सॉमरसेटसारख्या भागात प्रत्येकाच्या हातात पितळी टोपण लावलेली काठी. ती काठीची टोपणं हा स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे आणि मला वैयक्तिक त्यांचा फार लोभ आहे. ब्रिटनमध्ये १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आला, १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली आणि या मंडळांची मुख्य गरजच संपली. शाखा बंद झाल्या, कपाटं रिकामी झाली. तुमच्या-माझ्या हाती येणारा माल तिथूनच आलेला असतो. म्हणून ‘गुप्त संघटना’ हा शब्द ऐकला की मला हसू येतं. यातल्या बहुतेकांचं गुपित म्हणजे एक हस्तांदोलन, एक परवलीचा शब्द आणि एक हिशेबाची वही.

आता ती तांब्याची चकती. तिला मार्क पेनी किंवा चॅप्टर पेनी म्हणतात. अमेरिकेत मेसनांच्या रॉयल आर्च शाखेत मार्क मास्टर नावाची पदवी असते. तिच्या विधीत मजूर रांगेत उभे राहून रोजचा एक पेनी घेतात; आधार बायबलमधल्या मळ्यातल्या मजुरांच्या दृष्टांताचा, जिथे सकाळी आलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला सारखीच मजुरी मिळते. चकतीवर जो दगड आहे तो कमान पुरी करणारा, दोन्ही बाजूंचा भार पेलणारा वरचा मधला दगड. भोवतीची अक्षरं एच, टी, डब्ल्यू, एस, एस, टी, के, एस अशी असणार. त्यांचा अर्थ ‘टायर शहराचा हायरम, विधवेचा मुलगा, सॉलोमन राजाकडे पाठवतो’. हायरम म्हणजे सॉलोमनच्या मंदिरावर काम करणारा कारागीर, मेसनांच्या कथेतला नायक.

पण खरी मौज अक्षरांच्या आतल्या वर्तुळात आहे. भिंग घेऊन बघा. तो मधला भाग कोराच ठेवलेला असतो, कारण प्रत्येक सभासदाने स्वतःची खूण निवडून ती शाखेच्या वहीत नोंदवायची आणि मग पेनीवर कोरून घ्यायची असा रिवाज. पाथरवट आपल्या दगडावर टाकीने खूण करायचे, मोजदाद करून मजुरी मिळावी म्हणून, त्याची ही आठवण. वर्तुळ कोरं असेल तर पेनी वाटली गेली पण मालकाने पुढचे कष्ट घेतले नाहीत. आत तारा, नांगर, आद्याक्षरं, एखादं हत्यार असं काही खरवडलेलं असेल तर ती एका माणसाची सही आहे. अनेक नाणेसंग्राहक कोरी, न वापरलेली पेनी जास्त चांगली मानतात, नाण्याच्या जगातली सवय म्हणून. मी कोरलेली आधी उचलतो.

पेनीच्या दुसऱ्या बाजूला शाखेचं नाव, गाव आणि बहुधा साल असतं, आणि साल वाचताना नवखा माणूस गडबडतो. ‘२४३६’ असं दिसलं तर घाबरू नका. रॉयल आर्चवाले जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या उभारणीपासून वर्षं मोजतात. त्यातून ५३० वजा करा, १९०६ येतं. साध्या मेसन लॉजच्या पदकावर ‘प्रकाशवर्ष’ असतं (खगोलशास्त्रातलं नव्हे, सृष्टीच्या आरंभापासूनचं), त्यातून ४००० वजा करायचे: ५८९० म्हणजे १८९०. नाइट्स टेम्प्लर ही मेसनांचीच आणखी एक शाखा; ते मात्र आपला संघ १११८ मध्ये स्थापन झाला असं धरतात, म्हणून तिथे मिळवायचं: त्यांचं ७७७ म्हणजे १८९५. इम्प्रूव्हड ऑर्डर ऑफ रेड मेन नावाच्या अमेरिकन संस्थेने तर १४९२ पासून, कोलंबस पोचला तेव्हापासून गणना धरली. नाव, पेहराव, पदांची नावं सगळी मूळ अमेरिकनांची उसनी, आणि सभासद गोरे. एकदा कुणी मला ‘सन ४११ चं प्राचीन पदक’ दाखवलं होतं. ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ होतं.

फितीकडे वळू. तीन कडी म्हणजे मैत्री, प्रेम, सत्य. एफ, एल, टी त्यांचीच आद्याक्षरं. ऑड फेलोजची इंग्लंडमधली मँचेस्टर युनिटी ही संघटना १८१० ची. अमेरिकेत थॉमस वाइल्डीने २६ एप्रिल १८१९ रोजी बॉल्टिमोरला पहिली लॉज काढली. त्यांच्या सभासदाला चार कामं सांगितलेली असतात: आजाऱ्याला भेट, अडलेल्याला मदत, मेलेल्याला मूठमाती, पोरक्याला शिक्षण. तुमच्या फितीची काळी बाजू त्यातल्या तिसऱ्या कामासाठी. एरवी रंगीत बाजू पुढे, बांधवाच्या अंत्ययात्रेला तीच फीत उलटी करून काळी बाजू पुढे, तिच्यावर रुपेरी अक्षरांत ‘स्मरणार्थ’ या अर्थाचे शब्द. एकाच फितीत सण आणि सुतक दोन्ही. काळी बाजू जितकी झिजलेली तितकी ती लॉज म्हातारी. वर्गणी भरणारे तरुण येईनासे झाले आणि खांदा द्यायचे प्रसंग वाढले की हे असं होतं. मी अशा फिती पाहताना काळी बाजू आधी बघतो.

तिच्या मागच्या पिनेवर किंवा आतल्या कागदी चिठ्ठीवर कारखान्याचं नाव मिळेल. अमेरिकन मालावर न्यूअर्कच्या ‘व्हाइटहेड अँड होग’चं नाव पुष्कळदा दिसतं. पिनेवरच्या पेटंटच्या तारखेला मात्र वस्तूची तारीख समजू नका. तेच पेटंट वर्षानुवर्षं छापत राहायचे.

हातोडेवाल्या बिल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. ज्युनिअर ऑर्डर ऑफ युनायटेड अमेरिकन मेकॅनिक्स, १८५३, फिलाडेल्फिया. गुण्या-कंपास मेसनांसारखा, मध्ये कामगाराचा हात. पण ही मंडळी एकत्र आली ती बाहेरून येणाऱ्या, विशेषतः कॅथलिक, स्थलांतरितांना विरोध म्हणून. बंधुत्वाचं चिन्ह कुणाला आत घेण्यासाठी होतं तसंच कुणाला बाहेर ठेवण्यासाठीही होतं, हे संग्राहकाने चिठ्ठीवर लिहून ठेवावं. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी आपल्या संस्था उभ्या केल्याच. कृष्णवर्णीय मेसनांच्या प्रिन्स हॉल परंपरेला (प्रिन्स हॉल हे संस्थापकाचं नाव) १७८४ मध्ये इंग्लंडकडून सनद मिळाली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ग्रँड युनायटेड ऑर्डर ऑफ ऑड फेलोज १८४३ ची, तिचीही सनद इंग्लंडहून आणावी लागली, कारण घरच्या ऑड फेलोजनी दार लावून घेतलं होतं. यांची पदकं संग्रहांमध्ये कमी दिसतात, अभ्यास त्याहून कमी. तुम्हाला वेगळं काही करायचं असेल तर इथे जागा आहे.

चौथं, चांदीचं. रॉयल अँटेडिल्युव्हियन ऑर्डर ऑफ बफेलोज. ‘अँटेडिल्युव्हियन’ म्हणजे जलप्रलयाच्या आधीचे. संस्था १८२२ मधली, लंडनच्या ड्र्युरी लेनजवळच्या हार्प नावाच्या मद्यगृहात नाटकवाल्यांनी काढलेली. नाव मुद्दाम भरजरी, मेसनांच्या थाटाची थोडी टिंगल करणारं. त्यांचं लॅटिन बोधवाक्य ‘कोणताही माणूस सदासर्वकाळ शहाणा नसतो’ या अर्थाचं आहे. मला यांच्याइतकी प्रामाणिक संस्था दुसरी माहीत नाही. पुढे मात्र ते खरोखरच गंभीर धर्मादाय काम करू लागले. त्यांची पदकं बरीचशी खऱ्या चांदीची, हॉलमार्क केलेली आणि नाव कोरलेली असतात, म्हणून शिकण्यासाठी उत्तम.

हॉलमार्क असा वाचा. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी कचेरी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या म्हणजे चेस्टर; ही चेस्टरची कचेरी १९६२ मध्ये बंद झाली. शेजारचं एकटं अक्षर वर्ष सांगतं. अक्षराचं वळण आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही तक्त्याशी ताडून पाहायचे. मग कोरलेल्या मजकुरातलं साल घ्या. पदक आधी घडवलं आणि दोन-चार वर्षांनी दिलं गेलं, तर हॉलमार्क जुना आणि कोरीव साल नवं, हे स्वाभाविक. उलट असेल, म्हणजे १९२१ चा सत्कार आणि चांदी १९३४ ची, तर थांबा. कधी हरवलेल्याच्या बदली करून घेतलेलं असतं, कधी मजकूर मागाहून कुणी चढवलेला असतो. वरची पट्टी, मधली फीत आणि खालचं पदक या तिघांचेही शिक्के तपासा. पट्टी एका पदकाची, लोलक दुसऱ्याचा, फीत बाजारातून नवी, असे ‘लग्न लावलेले’ नमुने मी निखळ बनावटीपेक्षा जास्त पाहिले आहेत.

निखळ बनावट ओळखायला कड बघा. ठशाने पाडलेल्या पदकाच्या कडा धारदार आणि सपाट पृष्ठभाग तुकतुकीत असतो. ओतीव नक्कल साबणासारखी गुळगुळीत, बारीक छिद्रं असलेली, कधी कडेवर साच्याच्या जोडाची रेघ घासून काढल्याची खूण. आणि ज्यावर सगळीच चिन्हं एकत्र कोंबलेली आहेत, डोळा, पिरॅमिड, कवटी, गुण्या, सूर्य, चंद्र, सगळं लखलखीत पिवळं, ते हल्लीचं शोभेचं नाणं. अस्सल लॉजच्या पदकावर लॉजचं नाव किंवा क्रमांक असतो, कारण ते कुणीतरी हिशेबात पैसे मोजून करून घेतलेलं असतं.

पदाधिकाऱ्यांची चिन्हं ओळखता आली तर मेसनांचे तुटके-फुटके लॉटसुद्धा बोलू लागतात. गुण्या मास्टरचा (लॉजच्या प्रमुखाचा), पाणसळ सीनियर वॉर्डनची, ओळंबा ज्युनियर वॉर्डनचा, दोन आडव्या लेखण्या चिटणिसाच्या, तलवार दाराबाहेरच्या पहारेकऱ्याची. गुण्या म्हणजे सचोटीचं वागणं, पाणसळ म्हणजे सगळे समान, ओळंबा म्हणजे ताठ कणा. आपल्या गवंड्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. निवृत्त मास्टरच्या पदकात देशही कळतो: इंग्लंडमध्ये गुण्याखाली युक्लिडचं सत्तेचाळिसावं प्रमेय, म्हणजे पायथागोरसचे तीन चौरस, लटकतात, अमेरिकेत बहुधा उघडा कंपास, खाली अंशांची पट्टी आणि मध्ये सूर्य. इंग्लंडमध्ये डीकन नावाच्या पदाधिकाऱ्याच्या पदकावर पंखांचा मर्क्युरी (रोमन देव) दिसला तर कान टवकारा. दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज १८१३ मध्ये एक झाल्या, त्यानंतर तिथे ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबूतर रूढ झालं. काही जुन्या लॉजनी मर्क्युरी सोडला नाही, म्हणून एवढ्यावर तारीख ठोकू नका. त्या काळातलं हाताने जाळी कापलेलं चांदीचं पदक आणि त्यावर ‘टी एच’ अशी खूण असेल तर थॉमस हार्परचं काम असू शकतं. तो १८३२ मध्ये वारला. जवाहिऱ्या होताच, शिवाय त्या दोन ग्रँड लॉजपैकी एकीचा उपप्रमुखही.

संग्रहाची सुरुवात म्हणून मी एक टोकन सुचवतो. अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये सुट्या नाण्यांची टंचाई होती. १७८७ मध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस नावाच्या डोंगरातल्या (फ्रान्सचं शहर नव्हे) खाण कंपनीने स्वतःची तांब्याची टोकनं काढली, मग गावोगावचे व्यापारी काढू लागले. बर्मिंगहॅमचा लिलाववाला आणि मेसन जेम्स स्केचली याने मेसनांचं हाफपेनी टोकन काढलं. एका बाजूला मेसनांची ढाल आणि प्रिन्स ऑफ वेल्स २४ नोव्हेंबर १७९० रोजी ग्रँड मास्टर निवडला गेल्याचा मजकूर. दुसरीकडे त्रिकोणात बसलेलं पंखवालं बाळ आणि ‘शहाणपण, बळ, सौंदर्य’. याच्या कडेवर छापलेल्या मजकुराचे इतके प्रकार आहेत की एकाच टोकनाचा ट्रे भरतो. आणि हे टोकन खरोखर बाजारात चाललं. भाजीवालीच्या बटव्यातून फिरलेलं चिन्ह आहे ते.

त्यापुढे एकच धागा धरा: एक संस्था, किंवा एक गाव, किंवा एक पद, किंवा नुसत्या अंत्ययात्रेच्या फिती. ‘सगळं मेसॉनिक’ असा संग्रह म्हणजे भंगाराचं दुकान होतं. मीही आधी तेच केलं.

घासू नका. चांदीवरचा काळेपणा दिसायला खटकला तरी पॉलिशने कोरीव अक्षरांच्या कडा जातात आणि मुलामा असेल तर तो कायमचा जातो. मिनाकामाला तडा असेल तर पाण्यातही बुडवू नका. तुमच्या फितीत सेल्युलॉइडचं बटण असेल तर ती बाकीच्यांपासून वेगळी, हवा खेळेल अशी ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्ल सोडतं आणि शेजारचं पितळ हिरवं करतं, शिवाय पटकन पेट घेतं. ॲसिटोन लावलं तर ते विरघळतंच. रेशीम धुवायचं नाही, दुमडायचं नाही, आडवं ठेवायचं. नाण्यांसाठी मिळणारी मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा. काही वर्षांनी तांब्यावर हिरवा चिकटा येतो.

आणि चांदीच्या पदकामागचं ते नाव. ते तुम्ही लिहिलं नाहीत, बरं केलंत. पण वहीत जसंच्या तसं, स्पेलिंगच्या चुकीसकट उतरवून ठेवा. शेजारी लॉजचा क्रमांक, हॉलमार्कचं अक्षर, कुठल्या लॉटमधून आलं, सोबत काय होतं. पेनीच्या मधल्या वर्तुळाचा आणि बफेलोच्या पट्टीच्या मागच्या बाजूचा तिरप्या उजेडात फोटो काढून पाठवलात तर साल मी सांगू शकेन. फ्लॅश मारू नका.